गोल्फचा फटका आणि पायांचा इतिहास

गोल्फ हा शब्द आपल्याकडच्या श्रोत्यांना अगदीच परका आहे असे नाही. नाशिककडच्या मंडळींना 'गोल्फ क्लब'चे मैदान चांगले ठाऊक असते. तेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे सभा होतात, क्रिकेटचे सामने होतात, सकाळी माणसे फिरायला येतात. खेळ गेला आणि नाव तेवढे मागे राहिले. इंग्रजांनी हा खेळ आपल्या देशात फार लवकर आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनच्या बाहेर त्याच्याहून जुना क्लब नाही. मुंबईतही १८४२ साली क्लब निघाला. पण साहेबाचा खेळ म्हणून आपण त्याच्याकडे लांबूनच पाहिले. पैसेवाल्यांनी हिरवळीवर काठ्या घेऊन हिंडावे, एवढीच आपली समजूत.

या खेळाच्या श्रीमंतीविषयी मला आज बोलायचे नाही. बोलायचे आहे ते पायांविषयी. गोल्फचा फटका हाताने मारतात असे दिसते खरे, पण गेली दीडशे वर्षे या खेळातले जाणते लोक एकाच प्रश्नावर वाद घालीत आले आहेत, आणि तो प्रश्न पायांचा आहे. टाच उचलावी की टेकून ठेवावी? पाय जवळ घ्यावेत की फाकवावेत? भार कोणत्या पायावर, आणि केव्हा? प्रश्न लहान वाटतो. पण त्याच्या उत्तरांत कारागिरीचा, कारखान्यांचा आणि गरिबाघरच्या पोरांच्या जिद्दीचा इतिहास दडलेला आहे.

खेळ आधी थोडक्यात सांगतो. मोठ्या मोकळ्या रानात अठरा ठिकाणी जमिनीत सव्वाचार इंच रुंदीचा खळगा केलेला असतो. लहानसा चेंडू काठीने मारीत मारीत एकेका खळग्यात घालायचा. ज्याला एकंदर कमी फटके लागतील तो जिंकला. विटीदांडूत विटी हवेत उडते, क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. इथे चेंडू जमिनीवर स्वस्थ पडून असतो आणि तुमची वाट पाहतो. मग अवघड ते काय? अवघड हेच, की सगळी हालचाल तुम्हालाच निर्माण करायची असते. काठी वर नेऊन खाली आणायची. खाली येताना तिला जेमतेम पाव सेकंद लागतो, आणि काठीचा चेंडूला स्पर्श होतो तो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. एवढ्या वेळात मनात काही सुधारणा करायला सवड नाही. तोल आधीच नीट असला तर फटका नीट. नसला तर चेंडू झुडपात.

आता लाकूड फोडणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. नुसत्या दंडाच्या बळावर कुऱ्हाड चालवणारा पोरगा दहा घावांत थकतो. मुरलेला माणूस आधी पाय रोवतो, कुऱ्हाड वर जाताना अंग किंचित मागे जाऊ देतो, आणि घाव घालताना सारा भार पुढे आणतो. जोर जमिनीतून तळव्यात, तळव्यातून गुडघ्यात, कंबरेत, खांद्यात आणि शेवटी हातात येतो. गोल्फचेही तसेच. उजव्या हाताचा खेळाडू लक्ष्याकडे डावी कूस करून उभा राहतो. काठी मागे नेताना भार उजव्या पायावर येतो. काठी खाली यायला लागते त्याच्या किंचित आधीच तो डाव्या पायाकडे निघालेला असतो. फटका संपल्यावर जवळजवळ सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच वर, नुसता चवडा टेकलेला, आणि छाती लक्ष्याकडे. या स्थितीत जो न डगमगता उभा राहू शकतो त्याचा तोल खरा.

हे एवढे आज सोपे करून सांगता येते, पण ते उमगायला फार काळ गेला. गोल्फची जन्मभूमी स्कॉटलंड. १४५७ साली तिथल्या दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात संसदेने गोल्फवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून यातच रमू लागले होते. खेळायची जागा म्हणजे समुद्रकाठची वाळूची, खुरट्या गवताची, शेतीला फारशी उपयोगी नसलेली जमीन. तिथे मेंढ्या चरायच्या आणि वारा तर असा, की उभ्या माणसाला हलवील. चेंडू कातड्याचा; आत उकडलेली पिसे ठासून भरलेली. एक कारागीर दिवसभर खपून असे तीन-चारच चेंडू करी, म्हणून ते महाग असत. काठ्या लांब, लाकडी, बारीक मानेच्या. अशा काठीने चेंडू ठोकायचा नसतो, तो झाडून न्यायचा असतो. म्हणून जुना स्कॉटिश खेळाडू काठी अंगाभोवती आडवी फिरवी, विळ्याने गवत कापावे तशी. त्याचे सारे अंग तिच्याबरोबर वळे, आणि डावी टाच आपोआप जमिनीवरून सुटे. टाच उचला असे त्याला कोणी शिकवले नव्हते. काठीने ती उचलायला लावली होती.

१८४८ च्या सुमारास चेंडू बदलला. मलायाकडच्या झाडांचा चीक आटवून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, पावसात फुगत नव्हता, फाटत नव्हता, म्हणून साधी माणसेही खेळात आली. पण तो दगडासारखा कठीण. झाडून नेला तर नीट उठेना. लोखंडी तोंडाच्या काठ्या वाढल्या आणि फटका हळूहळू आडव्याचा उभा झाला. या उभ्या फटक्याचा सर्वांत मोठा जाणकार म्हणजे हॅरी व्हार्डन. १८७० साली जर्सी बेटावर एका माळ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. १८९६ ते १९१४ या काळात त्याने ब्रिटनची खुली स्पर्धा सहा वेळा जिंकली, आणि तितक्या वेळा ती आजवर दुसऱ्या कोणाला जिंकता आलेली नाही. काठी मागे नेताना तो डावी टाच सावकाश उचली, आणि फटक्याच्या वेळी ती परत जमिनीवर येई.

गंमत अशी, की त्याच काळातला त्याच्या तोडीचा खेळाडू जे. एच. टेलर याची ख्याती नेमकी उलट होती. डेव्हनच्या किनाऱ्यावरचा हा पोरका मुलगा लोकांच्या काठ्या वाहून मोठा झालेला. तिथल्या वाऱ्यात तो सपाट तळव्यांनी घट्ट उभा राहायला शिकला, आणि पुढेही त्याने पाय फारसे उचललेच नाहीत. त्याने तीच स्पर्धा पाच वेळा जिंकली. तेव्हा टाच उचलणारा बरोबर की न उचलणारा? इतिहास इथे कोणा एकाच्या बाजूने निकाल देत नाही. तो एवढेच दाखवतो, की दोघांचे पाय आपापल्या जमिनीवर घडले होते.

यानंतरचे मोठे बदल कारखान्यात झाले. १८९८ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराचा दोरा गुंडाळून केलेला चेंडू काढला. तो हलक्या फटक्यानेही लांब जाई. १९०२ साली सँडी हर्ड हा खेळाडू त्याच चेंडूने ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकला आणि गटापर्चाचे दिवस संपले. मग काठी बदलली. तोवर काठीचा दांडा हिकरी नावाच्या अमेरिकन लाकडाचा असे. हे लाकूड चिवट, पण जोरात फिरवले की पीळ खाते, आणि मग काठीचे तोंड भलतीकडे वळते. म्हणून लाकडी दांड्याच्या खेळाडूला धीर धरावा लागे. अंग भरपूर वळवून, सावकाश लय धरून फटका खेळावा लागे. पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली. पोलाद फारसे पिळत नाही. ते म्हणते, लाव जोर!

लाकडी दांड्याच्या युगाचा शेवटचा राजा बॉबी जोन्स. १९३० साली एकाच हंगामात त्याने त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून अंग काढून घेतले. त्याचे पाय फार जवळ असत. तो कंबर मोकळी वळवी, डावी टाच सहज उचली. पुढच्याच वर्षी त्याच्या खेळावर बोधपट निघाले, त्यामुळे आजही त्याची पावले पाहायला मिळतात, नाचणाऱ्यासारखी हलकी. पुढे पाठीच्या कण्याच्या एका असाध्य विकाराने त्याला कुबड्या घ्याव्या लागल्या आणि अखेर चाकांच्या खुर्चीत बसावे लागले. १९७१ साली तो वारला. ज्याच्या पावलांकडे जग पाहात होते, त्याच्याच पायांतले बळ असे गेले.

पोलादी दांड्याचा खेळ ज्यांनी घडवला त्यांतले तिघे अमेरिकन एकाच वर्षी, १९१२ साली जन्मले: बायरन नेल्सन, सॅम स्नीड आणि बेन होगन. स्नीड व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला. लहानपणी झाडाच्या फांदीची काठी करून तो अनवाणी खेळला. मोठेपणीही सरावात कधी कधी बूट काढून ठेवी, कारण अनवाणी पायांनी फार जोर लावला की माणूस घसरतो, आणि मग तोल म्हणजे काय ते पायच शिकवतात. नेल्सन आणि होगन हे टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचे. दोघेही एकाच क्लबावर काठ्यांची पिशवी वाहणारी पोरे. अशा पोऱ्याला तिकडे कॅडी म्हणतात. नेल्सनने पोलादी दांड्याचे मर्म ओळखले. हातांची करामत कमी केली आणि पायांनी पुढे रेटा द्यायला सुरुवात केली. १९४५ साली त्याने लागोपाठ अकरा स्पर्धा जिंकल्या. हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही.

होगनची कथा जरा विस्ताराने सांगायला हवी. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. घरची अन्नान्नदशा. वर्तमानपत्रे विकणारा हा पोरगा चार पैसे अधिक मिळतात म्हणून कॅडी झाला. अंगाने लहान, त्यामुळे लांब फटक्यासाठी त्याला सगळे अंग वापरावे लागे, आणि चेंडू भलतीकडे जाई. वर्षानुवर्षे तो हात सोलवटेपर्यंत सराव करी. १९४८ साली तो अमेरिकेचा खुला विजेता झाला. आता कुठे चांगले दिवस आले होते. तोच २ फेब्रुवारी १९४९ रोजी, धुक्याच्या सकाळी, टेक्ससमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळ पुढच्या वाहनाला ओलांडून आलेली एक बस त्याच्या मोटारीवर समोरून आदळली. शेवटच्या क्षणी त्याने शेजारी बसलेल्या बायकोच्या अंगावर स्वतःला आडवे झोकून दिले. ती वाचली. आणि त्यामुळे तोही वाचला, कारण मोटारीचे चाक धरणारा दांडा त्याच्या बसण्याच्या जागेतून आरपार गेला होता. त्याचे ओटीपोटाचे हाड मोडले, गळपट्टीचे हाड मोडले, डावा घोटा मोडला. पुढे रक्ताच्या गाठी झाल्या, तेव्हा जीव वाचवण्यासाठी पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर बांधून टाकावी लागली. तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती, मग खेळणे दूरच.

होगन आधी खोलीत चालायला शिकला, मग अंगणात, मग रस्त्यावर. पाय सुजत, वळ येत. फटक्याच्या वेळी पूर्वीसारखा वेगाने भार टाकणे शक्य नव्हते. जेवढे पाय देतील तेवढ्यातच काम भागवायचे होते. जून १९५० मध्ये मेरियन येथे अमेरिकेची खुली स्पर्धा झाली. त्या काळी शेवटच्या दिवशी छत्तीस खळग्यांचा खेळ एका दमात असे. म्हणजे कोसन् कोस चाल. होगन दोन्ही पाय पट्ट्यांनी बांधून उतरला. शेवटच्या खळग्याशी त्याने लांब पल्ल्याच्या लोखंडी काठीने मारलेला फटका हाय पेस्किन नावाच्या छायाचित्रकाराने पाठीमागून टिपला. गोल्फच्या इतिहासातले ते बहुधा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र. गर्दी दोन्ही बाजूंना दाटलेली. मध्ये होगन, सगळा भार त्याच मोडलेल्या डाव्या घोट्यावर, उजवी टाच वर, बुटाचा तळवा दिसतो आहे, आणि अंग समईसारखे स्थिर. त्या दिवशी तिघांची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा खळगे खेळून होगनने ६९ फटक्यांत सामना जिंकला. लॉइड मॅन्ग्रमला ७३ आणि जॉर्ज फॅझिओला ७५ फटके लागले. त्याने मिळवलेल्या नऊ मोठ्या विजयांपैकी सहा या अपघातानंतरचे आहेत.

१९५७ साली होगनने आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यात पायांच्या पवित्र्याला फार महत्त्व आहे. उजवे पाऊल लक्ष्याच्या रेषेशी काटकोनात ठेवावे आणि डावे किंचित बाहेर वळवावे, असे तो सांगतो. उजवे पाऊल काटकोनात असले की अंग मागे गरजेपेक्षा जास्त वळत नाही. डावे बाहेर वळलेले असले की फटक्यानंतर अंगाला पुढे जायला वाट मिळते. त्याच्या बुटाला नेहमीपेक्षा एक खिळा जास्त असे. जमिनीची पकड त्याला किती मोलाची वाटत होती, ते यावरून कळते.

होगनच्या शेजारी आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. अर्नेस्ट जोन्स हा इंग्लंडमधला पेशेवर खेळाडू. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बरा झाल्यावर तो कुबड्यांवर मैदानात गेला आणि एका पायावर उभे राहून अठरा खळग्यांची फेरी त्याने ८३ फटक्यांत पुरी केली. दोन्ही पाय शाबूत असलेल्या हौशी खेळाडूंनाही हे सहसा जमत नाही. तो पुढे अमेरिकेत नामांकित शिक्षक झाला. त्याचे शिकवणे असे, की अंगाचे तुकडे करून शिकवू नका. टाच, गुडघा, कंबर यांचे पाढे म्हणू नका. काठीचे टोक लयीत फिरू द्या, अंग आपला तोल शोधून काढते. एक माणूस पायांचे माप अंशांत सांगतो, दुसरा म्हणतो पायांचा विचारच करू नका. पण दोघांनीही पाय गमावण्याचे भय अनुभवलेले आहे, हे विसरून चालणार नाही. होगन बारकाव्यातून तोलापर्यंत पोचला, जोन्स लयीतून.

या दोन वाटांचा मेळ एका चांगल्या शिक्षकाने घातला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस गावी जॅक ग्राउट नावाचे शिक्षक होते. १९५० साली त्यांच्याकडे दहा वर्षांचा जॅक निकलस शिकायला आला. ग्राउटनी त्याला आधी टाचा जमिनीवर ठेवून, घोटे आतल्या बाजूला वळवीत फटके मारायला लावले. मुद्दा असा, की पाय आपल्या जागी राहून काम कसे करतात ते मुलाला आतून कळावे. ते कळल्यावर मोकळेपणाने टाच उचलायला त्यांची आडकाठी नव्हती. निकलस जन्मभर डावी टाच उचलूनच खेळला आणि १९६२ ते १९८६ या काळात त्याने अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस वारे पुन्हा फिरले. टाच टेकलेली ठेवा, कंबर आवळून धरा, खांदे मात्र खूप वळवा, म्हणजे स्प्रिंगसारखा ताण येईल, असा उपदेश चालू झाला. चेंडू लांब जाऊ लागले खरे, पण कंबरेचा ताण पाठीवर पडतो, असेही वैद्य आणि शिक्षक सांगू लागले. एकविसाव्या शतकात पायांखाली भार मोजणाऱ्या पट्ट्या ठेवून खेळाडूंचा अभ्यास होतो. काठी खाली येण्याआधीच भार पुढच्या पायाकडे सरकतो, ही जुन्या कॅडींना अंगाने ठाऊक असलेली गोष्ट आता आकड्यांत मांडता येते.

कॅडी म्हटल्यावर आपल्या देशाकडे वळायलाच हवे. भारताची खुली स्पर्धा १९६४ साली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने ती जिंकली. मग मात्र बराच काळ परदेशी खेळाडूच ती नेत राहिले. १९९१ साली ती भारतात परत आणली दिल्लीच्या अली शेरने. तो पूर्वी कॅडी होता. पुढे कलकत्त्याच्या एस. एस. पी. चौरसियाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली. त्याचे वडील त्याच जुन्या कलकत्ता क्लबात हिरवळीची निगा राखणारे कामगार. या मुलांना शिकवणीची फी परवडणारी नव्हती. त्यांनी पाहून शिकले. दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन कोसभर चालताना कोणाचे पाय कसे पडतात हे ज्याने रोज पाहिले, त्याची नजर एखाद्या ग्रंथाहून कमी नसते.

व्यायामशिक्षकांना यातून काही थेट उपयोगाचे घेता येईल. गोल्फच्या मैदानाची गरज नाही. विटीदांडू, क्रिकेट, लाठी, कोणत्याही फटक्याच्या खेळात हे करून पाहता येते. मुलाला दोन्ही पाय जुळवून हलका फटका मारायला लावा. जास्त जोर लावला की तो लगेच डळमळेल, आणि आपला जोर तोलाच्या बाहेर कुठे जातो ते त्यालाच कळेल. साफ जमिनीवर अनवाणी सराव करू द्या. काठी मागे जाताना पुढचे पाऊल उचलून मागच्याला जुळवायला सांगा, आणि फटक्याआधी ते पुढे टाकायला सांगा. भार केव्हा सरकतो ते पायांना समजेल. आणि प्रत्येक फटक्यानंतर तीन अंक मोजेपर्यंत त्याला जागच्या जागी उभे राहू द्या. जो तीन अंक उभा राहू शकत नाही, त्याला जोर वाढवायला सांगू नये.

शेवटी एक गोष्ट शिक्षक बांधवांपुढे ठेवतो. 'टाच उचला' हा नियम एका पिढीने वेदवाक्य मानला, 'टाच टेकवा' हा दुसरीने. दोन्हींच्या मुळाशी त्या त्या काळचा चेंडू होता, काठीचा दांडा होता, वारा होता, जमीन होती. कारण विसरून नियम तेवढा हाती धरला, की शिकवणे वठते. म्हणून मुलाला सूचना देण्यापूर्वी तो कोणत्या जमिनीवर उभा आहे, त्याच्या हातात कसली काठी आहे आणि त्याच्या पायांत किती बळ आहे, हे आधी पाहावे. उपदेश त्यानंतर करावा.